कापड वाटणारे शेठ

दोन हजार एकोणीस साल. मला अडुसष्ट वर्षं पुरी झाली होती. त्या वर्षी चैत्रात शेठ माझ्या दारात तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा काखेतलं पुडकं तसंच घेऊन परत गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाय सुजलेले, डोक्यावर ऊन. मी एकदाही म्हटलं नाही की पुडकं ठेवा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मी शेठविषयी चांगलं लिहीन तेव्हा वाचणाऱ्यानं मलाही भला माणूस समजू नये. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो, आणि खोटं लिहायला तर दुप्पट लागतो.

शेठ म्हणजे आमच्या गावातले कापडाचे दुकानदार. घनसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात राजस्थानातून येऊन ते घातलं. घरात मारवाडी बोलायचे, दुकानात आमच्यासारखी मराठी, आणि राग आला की हिंदी. राग वर्षातून एखाद्या वेळी यायचा. पण गावाला ते दुकानदार म्हणून माहीत होते त्याहून जास्त भारूड मंडळाचे म्हणून माहीत होते. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे गावचा जो सरपंच असेल तो. हार त्याला, नारळ त्याला, पुढची खुर्ची त्याला. शेठ कागदावर नुसते सदस्य. गाणं त्यांना येत नव्हतं. आरती म्हणायला लागले तर शेजारचा माणूस सूर सोडून द्यायचा. कार्यक्रम चालू असताना ते चपलांच्या ढिगापाशी उभे राहायचे आणि येणाऱ्याला म्हणायचे, "या, पुढं जागा हाय." जागा नसली तरी म्हणायचे. आणि त्या माणसाला खरंच जागा मिळायची, कारण शेठ ज्याच्याकडं बघतील तो सरकायचा.

आमचं भारूड सोंगांचं. सून, सासू, सासरा, सुनेचा भाऊ, मागं टाळकरी आणि एक ढोलकी. चैत्रातल्या जत्रेच्या आठ दिवस आधी शेठ ज्याच्या त्याच्या घरी कापड पोचवायचे. कुणाला कोणता पार्ट हे तोंडानं सांगायचं नाही, घरी कापड आलं म्हणजे पार्ट आला. तांबडं लुगडं आलं तर सून. हिरवं जाडं लुगडं आलं तर सासू. धोतर-फेटा आला तर सासरा. काहीच आलं नाही तर यंदा टाळ वाजवायचे. आमचं गाव बांधावरून भांडेल, पाण्यावरून भांडेल, पण कापडावरून कधी भांडण झालं नाही. मी एकदा विचारलं होतं, शेठ, तोंडानं का सांगत नाही. ते म्हणाले, "तोंडानं सांगितलं की माणूस तोंडानं उत्तर देतो. कापडाला काय उत्तर देणार?"

माझ्याकडं तांबडं लुगडं पहिल्यांदा आलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि शेठ सव्वीसचे. वडिलांनी पुडकं सोडलं, लुगडं बघितलं आणि अंगणात भिरकावलं. घराण्यातला पोरगा लुगडं नेसून नाचणार म्हणजे झालं. शेठनं ते उचललं, झटकलं, तिथंच उभ्या उभ्या दुकानासारखी घडी घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खळ्यावर हजर. ज्वारी चालू होती. दिवसभर त्यांनी पोत्याची तोंडं धरली. मऊ हाताचा माणूस, संध्याकाळपर्यंत बोटं सोलून निघाली, पण लुगड्याचा विषय नाही. शेवटी वडीलच म्हणाले, "काय पाहिजे तुला?"

"तुमचा पोरगा पाहिजे. दोन तासासाठी."

"अन् लोक हसले म्हंजी?"

"हसायलाच बोलावून राह्यलो ना त्यान्ला."

वडील पुढं काही बोलले नाहीत. आमच्या घरात ते न बोलणं म्हणजेच होकार असायचा. त्या वर्षापासून अठ्ठेचाळीस वर्षं मी सून होतो. मला मुलं झाली, नातवंडं झाली, मिशी पांढरी झाली, ती दर चैत्रात काढायचो. घनसावंगीच्या बाजारात अनोळखी बायका मला बघून पदर तोंडाला लावून हसायच्या. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

तालीम शेठच्या दुकानात चालायची, दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. गादीवरचे तागे बाजूला सरकवायचे आणि आम्ही उभे राहायचो. कुणी कितीही चुकलं तरी शेठ चुकलं असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "बराबर हाय. अजून एकदा." त्या एका वाक्याची आम्हांला दहशत होती. सात-सात वेळा बराबर असायचं आणि सात-सात वेळा अजून एकदा. मध्येच एखादी बाई चोळीचा खण घ्यायला आली तर शेठ तिला खण दाखवायचे नाहीत, आधी बसवायचे. आमचं बघून झालं की विचारायचे, सून रडली ते बराबर रडली का. एका म्हातारीनं मला तिथंच सुनावलं होतं, "सासरी कुणी एवढ्या मोठ्यानं रडतंय व्हय? तुला काय म्हैस व्यायली का?" सगळे हसले. मीही हसलो आणि जसं रडत होतो तसंच पुढं रडत राहिलो. माझ्यावर माणसं हसत होती ना, मग झालं, असं मला वाटायचं.

भारूड व्हायचं गावच्या चबुतऱ्यावर, पूर्वी रात्री. शेठनं ते संध्याकाळी पाचला आणलं, उन्हं उतरल्यावर. टाळकरी चिडले, असं कुठं असतं का म्हणाले. शेठचं म्हणणं एवढंच की रात्री बायका स्वयंपाक आवरून येतात आणि बसल्या जागी डुलक्या घेतात, मग हे चाललंय कुणासाठी. पहिल्या वर्षी माणसं कमी आली, बायका मात्र चबुतऱ्याच्या पायरीपर्यंत येऊन बसल्या. तेव्हापासून पाचची वेळ कुणी बदलली नाही.

चबुतऱ्यावर पत्र्याचं शेड व्हावं म्हणून ते अर्ज करायचे. दरसाल नवा अर्ज, तोच मजकूर. एकदा मी तालुक्याच्या कचेरीत सोबत गेलो होतो. तिथल्या कारकुनानं विचारलं, तुमचं मंडळ नक्की काम काय करतं? शेठ म्हणाले, "पाच ते सात गावातली भांडणं बंद ठेवतो साहेब. तेवढंच करतो." कारकून हसला. चहा पाजला. शेड काही आलं नाही, अजून आलेलं नाही. परतीच्या जीपमध्ये शेठ डोळे मिटून बसले होते. मी म्हणालो, शेठ, सोडा हे. ते म्हणाले, "सोडायला काय, आत्ता सोडतो. पण मंग उद्या सकाळी उठून काय करू?"

त्यांचे दोन्ही मुलगे जुन्या जालन्यात होते, कापडाचं ठोक दुकान, चांगलं चाललेलं. रोज फोन यायचा, पप्पा, आता या. शेठचं उत्तर ठरलेलं, एवढ्या वर्षीची जत्रा होऊ द्या, मंग बघू. असं ते आठ-नऊ वर्षं म्हणाले असतील. बायको वारल्यावर तर ते दुकानातच जेवायचे. पायांना सूज. दुकानाच्या पायऱ्या उतरताना आधी भिंतीला हात लावायचे. गावातली तरणी माणसं पुण्याला, औरंगाबादला गेलेली. ढोलकीवाल्याला शेतावरून, टाळकऱ्याला लग्नातून, असं एकेकाला गाठून आणायचं, समजूत घालायची, रुसवे काढायचे. हे सगळं ते करत होते आणि आम्ही वेळेवर जाऊन मिशी काढत होतो. मीही त्यातलाच. दमलेला माणूस रोज दिसत असला की तो दमलाय हे दिसत नाही.

दोन हजार अठराच्या जत्रेत फुगडी घालताना माझा गुडघा गेला. मी चबुतऱ्यावर बसलो तो उठता येईना. तिथंच बसून मी सासूला शिव्या घातल्या, जणू तसंच ठरलेलं होतं. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, निभावलं. चपलांच्या ढिगापाशी शेठ उभे होते, ते हसले नव्हते. त्याच हिवाळ्यात आमचा सासरा गेला. म्हणजे सासऱ्याचं काम करणारा आमचा जुना गडी.

आणि मग तो चैत्र. मिशी मी आधीच काढून ठेवली होती. शेठ आले, पुडकं दिलं, मी सोडलं. आत पांढरं धोतर आणि तांबडा फेटा.

मी म्हणालो, "शेठ, पुडकं बदललं. हे दुसऱ्याचं दिसून राह्यलं."

"न्हाई नाना. तुमचंच हाय."

मी पुडकं बांधलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. वडिलांनंतर अठ्ठेचाळीस वर्षांत कापड परत करणारा मी पहिला. शेठनं ते घेतलं, काखेत धरलं आणि गेले.

चौथ्या दिवशी परत आले. ओट्यावर टेकले. मी विचारलं, लुगडं कुणाकडं गेलं? ते म्हणाले, सुनीताकडं. सुनीता म्हणजे आमच्याच गल्लीतली सून, आशाताईचं काम करते, बाळंतिणींच्या घरी जाते, पोरांना डोस पाजते. ती पाच महिने दुकानात तालमी करत होती, मी नसायचो तेव्हा, आणि मला पत्ता नव्हता. मला ते फार लागलं. मी म्हणालो, "बाईनं बाईचं सोंग घ्यायचं, मंग त्याच्यात सोंग कुठं राह्यलं?"

शेठनं बराच वेळ विचार केला. समोरच्यानं काहीही विचारलं तरी ते खरंच विचार करायचे. मग म्हणाले, "सवाल बराबर हाय. तुम्ही बघायला या, अन् मला सांगा." पुडकं घेऊन गेले.

तिसऱ्यांदा आले ते जत्रेच्या आदल्या दिवशी, दुपारी. बसले नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाले, "नाना, अब बस. मैं थक गया." मग मराठीत म्हणाले, "शेवटचं बोलणं सासऱ्याचं. ते तुमच्याबिगर कुणाच्या तोंडी बसत न्हाई. सासरा न्हाई तर भारूड संपणार कसं? मी कुणाच्या दारात जाऊ?"

मी म्हणालो, "मंग तुम्हीच नेसा."

मी टोमणा मारला होता. शेठनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि निघाले. आमची बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "त्यान्ला पाणी तरी इचारायचं." माझ्या वडिलांना वळायला एक दिवस लागला होता. मी आठ दिवसांत वळलो नाही.

जत्रेच्या दिवशी मी जाणार नव्हतो. पाचला ढोलकी सुरू झाली आणि माझे पाय आपोआप निघाले. गर्दीत गेलो नाही. मागं पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

सुनीता चांगली होती. हे लिहायला मला तीन दिवस लागले. आमच्या भारुडात एक जागा आहे, सून विहिरीवरून घागर घेऊन येते, दारात भाऊ न्यायला आलेला असतो आणि सासू त्याला उंबऱ्यावरूनच परत लावते. तिथं सून रडते. मी तिथं पदरात नाक शिंकरायचो, कपाळ बडवायचो, लोळायचो. लोक हसून हसून बेजार व्हायचे. सुनीतानं काहीच केलं नाही. घागर कडेवर तशीच ठेवून ती उभी राहिली आणि हळू आवाजात गायली. पायरीवरच्या बायका एकदम गप्प झाल्या. त्यांत माझी बायको होती. तिनं डोळ्याला पदर लावला. अठ्ठेचाळीस वर्षं ती त्याच जागी माझ्यावर हसली होती, आणि मला वाटत होतं की मी ती जागा जिंकली.

मग सासरा आला. धोतर नेसून, फेटा बांधून, शेठ. जन्मात पहिल्यांदा ते चबुतऱ्यावर चढले होते. सासऱ्याला सबंध भारुडात काम नाही, शेवटी एकच बोलणं आहे. सासूला गप्प करायचं आणि म्हणायचं, "जाऊ दे तिला. चार दिवस तिचे हायेत." एवढं म्हटलं की सून माहेरी जाते आणि भारूड संपतं. शेठना सगळ्यांचं सगळं पाठ होतं. आमच्या तालमीत त्यांचे ओठ हलत असायचे. पण वर उभे राहिले आणि गेलं. ओठ हलले, आवाज नाही. ढोलकीवाल्यानं एक फेरा जास्त वाजवला. परत ओठ हलले. पोरं हसायला लागली, मग मोठी माणसं. शेठ गर्दीवरून मागं कुठंतरी बघत राहिले.

मला ते बोलणं येत होतं. जिभेवर होतं. भिंतीपासून ओरडून दिलं असतं तरी चाललं असतं, आमच्यात ते चालतं. मी दिलं नाही.

सुनीतानं घागर खाली ठेवली. शेठच्या पाया पडली, जणू त्यांनी जा म्हटलंच होतं. उठली, भावाचा हात धरला आणि पायऱ्या उतरून गर्दीतून निघून गेली. भारूड संपलं. नीट संपलं.

माणसं पांगल्यावर शेठ चबुतऱ्याच्या पायरीवर बसले होते. फेटा मांडीवर. मला बघून त्यांनी बाजूला जागा केली. मी बसलो.

"येत होतं नाना मला," ते म्हणाले. "वर गेलो अन् गेलं. मंग तुमच्याकडं बघून राह्यल्तो."

गर्दीवरून ते कुठंतरी बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी त्यांना दिसलो होतो. माफी मागायची सवय नाही, ती त्या दिवशी कुठून येणार.

ते म्हणाले, "आता माझ्यानं होत न्हाई. पोरं न्यायला येऊन राह्यलेत पुढच्या महिन्यात. तुम्ही करा, असं मी म्हणत न्हाई. तुमचा स्वभाव मला माहीत हाय. फक्त बंद पडलं तर मला कळवू नका."

मुलगे आले आणि घेऊन गेले. दुकानातले उरलेले तागे एका टेम्पोत मावले. निरोपाला गाव जमलं होतं, सरपंचानं हार घातला. शेठनं गाडीच्या काचेतून हात केला, तो सगळ्यांसाठी होता. पुढच्या वर्षी जत्रेच्या आधीच कोरोना आला आणि सगळं बंद. त्या बंदाला आम्ही बंद पडलं असं धरलं नाही, आणि त्यांना काही कळवलंही नाही. दुसऱ्या वर्षी शेठ जालन्यात त्याच आजारानं गेले. फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कुणाला जाऊ देत नव्हते. मी गिरणीच्या भिंतीपाशी होतो ते त्यांना माहीत होतं, पण बोलणं माझ्या जिभेवर होतं हे त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता कापड मी पोचवतो. मला तोंड आवरत नाही म्हणून दरसाल दोघं-तिघं तरी माझ्याशी भांडतात. ढोलकीवाला तर म्हणतो, नाना, तुमच्यापेक्षा शेठचा राग बरा होता. खरं आहे. चार घरं फिरलो की मी ओट्यावर टेकतो, आणि तेव्हा कळतं की एका माणसानं हे किती वर्षं केलं. कुणी मला विचारतं, तुम्ही यात कसे पडलात, शेठनं सांगितलं का? शेठनं सांगितलं नव्हतं, हे वर लिहिलंच आहे.

झालं ते असं. त्या जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, चबुतऱ्यावरच्या सतरंज्यासुद्धा अजून उचललेल्या नव्हत्या, मी सुनीताच्या घरी गेलो. ती पिशवी खांद्याला अडकवून कामावर निघाली होती. मला दारात बघून घाबरली. तिला वाटलं, भांडायला आलो. मी म्हणालो, पोरी, विहिरीवरून येताना तू घागर उजव्या कडेवर घेतलीस, त्यानं तुझा पदराचा हात अडकला. घागर डाव्या कडेला पाहिजे. ती म्हणाली, "नाना, मला समजंना. दाखवा की." तिची सासू ओसरीवर भाकरी थापत होती, दीर दात घासत होता, समोरच्या घरातल्या बायका बघत होत्या. मी अंगणातली भरलेली घागर उचलली, डाव्या कडेवर घेतली आणि धोतरात, मिशी नसलेल्या तोंडानं, दारापासून तुळशीपर्यंत चालून दाखवलं. गुडघा दुखला. मग घागर तिच्या हातात दिली.